काचेच्या टवक्यात शिरलेली ओल: रेझिन भरण्याआधी कशी आणि किती वाळवावी?

तापीकाठ (भुसावळ) | ९ जुलै, रात्री ९.१०

गेल्या शनिवारी धुळ्याहून भुसावळला परतत असताना पारोळ्याच्या अलीकडे खडी भरलेला एक डंपर माझ्या पुढे चालला होता. त्याच्यावर ताडपत्री नव्हती आणि फाळकाही नीट बसलेला नव्हता. पुरेसे अंतर ठेवूनही एक खडा उडालाच आणि माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर, डाव्या बाजूला, वायपर फिरतो त्याच पट्ट्यात आदळला. जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढा टवका पडला असून मधल्या खळग्यापासून तीन बारीक चिरा निघाल्या आहेत. सर्वांत लांब चीर करंगळीच्या पेरापेक्षा थोडी लहान आहे. टवक्यावर टेप लावायला हवी हे सुचेपर्यंत एरंडोलजवळ पावसाने गाठले आणि तिथून घरापर्यंत वायपर चालूच ठेवावा लागला.

रविवारी सकाळी पाहिले तर तिन्ही चिरा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि मला फार हायसे वाटले. परंतु दुपारी दोन तास ऊन पडल्यावर त्या पुन्हा तशाच दिसू लागल्या. तेव्हा कुठे लक्षात आले, की आत पाणी शिरले आहे.

इथल्या एका काचवाल्याला विचारले. त्याने सांगितले, की गाडी आत्ता आणा, दहा मिनिटांत भरून देतो, रेझिन (चिरेत भरून घट्ट करायचा पातळ, चिकट पदार्थ) दाबाने जाते आणि पाण्याला आपोआप बाहेर ढकलते. हे मला पटलेले नाही. माझ्या गाडीत आरशामागे कॅमेरा असल्याने काच बदलायची झाली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशनही (अचूक जुळवणी) नव्याने करावे लागेल, म्हणून शक्य तोवर हीच काच वाचवायची आहे. अशा पावसाळी दिवसांत ही ओल घरच्या घरी कशी काढावी, किती वेळ द्यावा आणि ती गेली हे कसे ओळखावे, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

नंदुरबारी | ९ जुलै, रात्री ९.३२

उत्तर येईपर्यंत त्या काचवाल्याकडे जाऊ नका, एवढेच आत्ता सांगतो. माझ्या भावाच्या गाडीत असेच ओले रेझिनकाम झाले आणि आठ दिवसांत त्या जागी दुधी डाग उमटला.

काचकाम (धुळे) | ९ जुलै, रात्री १०.४०

तापीकाठ भाऊ, मी चौदा वर्षे हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रेझिन पाण्याला ढकलून बाहेर काढते, हे खरे नाही. चीर एका टोकाला बंद असते. तिच्या टोकाशी पाणी बसले असेल आणि खळग्याच्या बाजूने रेझिन दाबाने आले, तर पाण्याला जायला वाटच नसते. ते टोकाशीच कोंडले जाते. वरून यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावला की रेझिन घट्ट होते आणि ते पाणी कायमचे आत राहते. ओल्या काचेला रेझिन धरतही नाही. त्या दिवशी काम चांगले दिसते, कारण रेझिन असो की पाणी, दोन्हींमुळे चीर झाकली जाते. पुढे ऊन लागले की आतल्या पाण्याची वाफ होते, रेझिन काचेपासून सुटते आणि पांढरट कडा दिसू लागते.

पुढची काच एकसंध नसते, हेही लक्षात घ्या. बाहेर साधारण २ मिलिमीटरची एक काच, आत तशीच दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा, बहुतेक गाड्यांत ०.७६ मिलिमीटर जाडीचा. खड्याने फुटते ती बाहेरची काच. टवका खोल असेल तर पाणी थेट त्या पापुद्र्यापर्यंत पोचते, आणि तो पापुद्रा ओल शोषून घेतो. पाणी बरेच दिवस तसेच राहिले तर तिथे पापुद्रा धुरकट होतो किंवा काचेपासून सुटतो. त्यानंतर कोणतेही रेझिन ती जागा स्वच्छ करू शकत नाही. म्हणून वाळवायला वेळ अवश्य द्या, पण महिनाभर तशीच गाडी फिरवूही नका.

कसे वाळवायचे ते उद्या सकाळी लिहितो, आता उशीर झाला आहे. तोपर्यंत दोन गोष्टी पाळा. वायपरचे साबणपाणी त्या काचेवर मारू नका, कारण पाणी उडून जाते पण साबण चिरेत राहतो. आणि गाडी पत्र्याखाली उभी करा.

पदार्थविज्ञान (अमळनेर) | ९ जुलै, रात्री ११.२५

चिरा दिसेनाशा होऊन पुन्हा का दिसू लागल्या, त्याचे कारण प्रकाशात आहे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश त्या माध्यमात किती वळतो त्याचे माप) सुमारे १.५२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ असतो. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश जास्त परावर्तित होतो. चिरेत हवा असेल तर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४.३ टक्के परत फिरतो, तिरप्या नजरेने पाहिले तर त्याहून कितीतरी अधिक, आणि म्हणून कोरडी चीर चांदीसारखी चमकते. चिरेत पाणी असेल तर हेच प्रमाण ०.४ टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. रेझिनचा अपवर्तनांक मुद्दाम काचेच्या जवळचा ठेवलेला असतो, त्यामुळे भरलेली चीर आणखी पुसट होते.

याचा अर्थ असा, की पावसानंतर चीर मिटल्यासारखी दिसते तेव्हाच ती सर्वांत ओली असते, आणि ती ठळक, चमकदार, अगदी डोळ्यांत खुपेल अशी दिसू लागते तेव्हा ती रेझिन घ्यायला तयार असते. तापीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

केळीची_गाडी (सावदा) | १० जुलै, पहाटे ५.५०

मी केळी घेऊन बऱ्हाणपूर, इंदूरमार्गे उत्तरेकडे जातो. ट्रकची काच मोठी आणि उभी असल्याने वर्षातून दोन-तीन टवके पडतातच. आमच्या लाइनमध्ये सगळे एकच उपाय करतात: आतल्या बाजूने काचेला लायटर धरायचा. पाच मिनिटांत चीर कोरडी दिसते. मी स्वतः तीन वेळा केले आहे आणि दोनदा ठीक झाले.

तापीकाठ | १० जुलै, सकाळी ७.१५

सर्वांचे आभार. सावद्याचे दादा, तिसऱ्या वेळी काय झाले तेही कृपया सांगावे.

केळीची_गाडी | १० जुलै, सकाळी ७.४०

तिसऱ्या वेळी सेंधव्याच्या पुढे, जानेवारीच्या थंडीत, पहाटे लायटर धरला आणि चीर माझ्या डोळ्यांदेखत हातभर लांब पळाली. काच बदलावी लागली. तेव्हा मी नशिबाला दोष दिला होता.

काचकाम | १० जुलै, सकाळी ९.०५

दादा, त्यात नशिबाचा दोष नव्हता. थंड काचेच्या रुपयाएवढ्या जागेवर ज्योत धरली की तेवढीच जागा फुगते, भोवतालची काच आखडलेलीच राहते, आणि तो सगळा ताण चिरेच्या टोकावर येतो. काजळी बसते ती निराळीच. जास्त तापले तर मधल्या पापुद्र्यात बुडबुडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत. आमच्याकडे टवका वाळवायला विजेवर तापणारी लहान दांडी असते. तिची उष्णता हळूहळू वाढवता येते, तरीही मी ती एका जागी सलग धरत नाही. लायटर मी माझ्या दुकानात कोणालाही वापरू देत नाही.

आता तापीकाठ भाऊंसाठी घरची पद्धत लिहितो.

पहिले काम खळग्याचे. उजेडात टाचणीने खळग्यातला सुटा काचेचा भुगा हलक्या हाताने टिपून काढा. हा भुगा फार महत्त्वाचा आहे, कारण तो ओल्या पिठासारखा पाणी धरून बसतो आणि चिरांची तोंडे बुजवतो. तो निघाल्याशिवाय तुम्ही तासभर ऊब दिली तरी आतली वाफ बाहेर येणार नाही. टाचणी दाबायची नाही, फक्त टिपायची. नंतर जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा कोपरा खळग्यावर टेकवून वरचे पाणी शोषून घ्या.

दुसरे काम ऊब देण्याचे. हेअर ड्रायर गाडीच्या आतून, काचेपासून वीतभर अंतरावर धरा आणि थाळीएवढ्या जागेवर गोल फिरवत राहा. बाहेरून मारू नका, कारण बाहेरून मारलेली हवा खळग्यातले पाणी चिरांत ढकलते. दर दोन मिनिटांनी बाहेरून हाताची मागची बाजू काचेवर टेकवा. ती पाचपर्यंत आकडे मोजता येतील इतका वेळ निवांत टेकली पाहिजे. टेकत नसेल तर काच जास्त तापली. दहा मिनिटे ऊब द्या आणि अर्धा तास काच तशीच राहू द्या. असे दिवसातून तीन वेळा करा. एकाच बैठकीत सगळे पाणी काढायचा हट्ट धरू नका.

तिसरे काम पाहण्याचे, आणि ते अमळनेरच्या सरांनी सांगितलेच आहे. मोबाइलचा दिवा तिरपा धरून आतून पाहा. चिरेत पाणी असेल तर चमकणारा भाग आणि पुसट भाग यांच्यामध्ये एक बारीक रेष दिसते. ती रेष म्हणजे पाण्याची कड. ऊब दिल्यावर ती रेष खळग्याकडून टोकाकडे सरकत जाते. टोकापर्यंत सगळी चीर एकसारखी चमकली, की पाणी गेले.

सातपुडा_पायथा (चोपडा) | १० जुलै, दुपारी १.२०

मी आरोग्य विभागात काम करते आणि अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर रोज गाडी चालवते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या काचेला अगदी असाच टवका पडला होता. आठवडाभर झड लागलेली होती. मी एका दुकानात गेले आणि काच ओली असल्याचे स्वतःहून सांगितले, तरी त्यांनी फडक्याने वरवर पुसून लगेच रेझिन भरले. तेव्हा काम इतके सुबक दिसत होते, की मी समाधानाने पैसे देऊन आले.

तीन आठवड्यांनी टवक्याभोवती पांढरे कडे उमटले. मी परत गेले तर ‘पावसाळ्यात असे होतेच’ असे उत्तर मिळाले. पुढे वैशाखात, दुपारी शिरपूरला उन्हात उभी असलेली गाडी मी सुरू केली आणि गारवा पूर्ण वाढवून हवा काचेवर सोडली. त्याच क्षणी टिच् असा आवाज आला आणि चीर वायपरच्या पट्ट्याबाहेर काठापर्यंत गेली. मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटते, की दुसऱ्या कारागिराने तपासून सांगितले, आधी नीट वाळवले असते तर ही काच सहज वाचली असती, पण एकदा रेझिन घट्ट झाले की पुन्हा भरायला वाट उरत नाही. तापीकाठ दादा, ही संधी एकदाच मिळते. आठ दिवस लागले तरी लागू द्या.

काचकाम | १० जुलै, दुपारी २.१०

ताई, त्या कारागिराने तुम्हाला खरे सांगितले. घट्ट झालेले रेझिन चिरांची तोंडे बंद करते. ते कोरून काढायचा प्रयत्न केला तर काच आणखी फुटते.

शहादा_रंगकाम | १० जुलै, सायंकाळी ६.३०

मी गाड्यांना रंग देण्याचे काम करतो. हेअर ड्रायरने तीन-तीन दिवस घालवण्याऐवजी स्पिरिट वापरले तर काम तासात होते, असे माझे मत आहे. खळग्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे. ते पाण्यात मिसळते, पाण्याला सोबत घेऊन उडून जाते आणि मळही निघतो. पत्रा रंगवण्याआधी आम्ही हेच करतो. त्यावर कॉम्प्रेसरच्या हवेचा एक झोत मारला की झाले.

काचकाम | १० जुलै, रात्री ८.००

शहाद्याचे भाऊ, पत्रा आणि चीर यांत फरक आहे. पत्र्यावर अल्कोहोल उघडे पसरते आणि चारी बाजूंनी उडते. चिरेत त्याला उडायला फक्त खळग्याचे टाचणीएवढे तोंड असते. तिथले पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण खळग्याजवळून लवकर उडते आणि टोकाशी पाणीच मागे राहते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्पिरिटमध्ये आधीच पाणी मिसळलेले असते, म्हणजे आपण ओल काढायला ओलच घालतो. एक गिऱ्हाईक हात धुण्याचे सॅनिटायझर ओतून आले होते. त्यात ग्लिसरीन असते आणि ते उडत नाही. त्या टवक्यात रेझिन धरलेच नाही.

शहादा_रंगकाम | १० जुलै, रात्री ८.२५

सॅनिटायझर मीही वापरणार नाही. मी ९९ टक्के शुद्धतेच्या बाटलीबद्दल बोलत होतो, आणि त्यानंतर ऊब द्यायचीच असते. मी दोन गाड्यांना असे केले असून त्या अजून ठीक आहेत. परंतु कॉम्प्रेसरबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. पावसाळ्यात आमच्या टाकीच्या तळाशी रोज पाणी साचते आणि ते रोज सोडावे लागते. रंगाच्या बंदुकीला मी त्यासाठी वेगळा फिल्टर लावतो, पण पंक्चरच्या दुकानातल्या हवेला असा फिल्टर कोणी लावत नाही. त्या हवेबरोबर पाण्याचा तुषार येतो.

काचकाम | १० जुलै, रात्री ८.४०

चिखलाचे पाणी शिरलेले असेल तर शुद्ध अल्कोहोलचा एखादा थेंब मीही खळग्यापुरता वापरतो, त्यामुळे तुमचे म्हणणे मी पूर्णपणे खोडत नाही. मात्र ते वाळवण्याच्या ऐवजी नव्हे, वाळवण्याच्या आधी. त्यानंतरचा वेळ तितकाच द्यावा लागतो.

पदार्थविज्ञान | १० जुलै, रात्री १०.१५

वाळायला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बशीत पसरलेले पाणी त्यामानाने लवकर उडते, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. चिरेतले पाणी केशाकर्षणाने (बारीक फटीत पाणी आपोआप ओढले जाते त्या गुणाने) दोन भिंतींमध्ये धरलेले असते आणि हवेला लागणारी त्याची कड केसाहून बारीक असते. तेवढ्याच जागेतून बाष्पीभवन होते, आणि पाण्याची कड जसजशी टोकाकडे जाते तसतसा वाफेला बाहेर येण्याचा मार्ग लांबत जातो. म्हणून शेवटचा थोडासा भाग वाळायला सुरुवातीच्या तेवढ्याच भागापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. बहुतेक लोक नेमके तिथेच कंटाळतात.

ऊब का द्यायची, तेही आकड्यांत सांगतो. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला बाष्पाचा जास्तीत जास्त असू शकणारा दाब) ३० अंश सेल्सिअसला सुमारे ४.२ किलोपास्कल असतो आणि ५० अंशांना १२.३, म्हणजे जवळपास तिप्पट. पावसाळी हवेत आधीच ३ ते ४ किलोपास्कल बाष्प असते, त्यामुळे ३० अंशांच्या काचेतून पाणी जवळजवळ उडतच नाही. काच ५० अंशांवर नेली की त्याच दमट हवेतही पाण्याला बाहेर पडायला भरपूर वाव मिळतो. पन्नास अंश म्हणजे आपल्याकडे चैत्रात उन्हातल्या गाडीची काच सहज असते तितकीच ऊब, काचेला हानिकारक नाही. उकळण्याची गरज मुळीच नाही.

काचकाम यांच्याकडच्या इंजेक्टरमध्ये (टवक्यावर बसवून रेझिन आत सोडण्याच्या उपकरणात) निर्वात करण्याची, म्हणजे आतली हवा ओढून घेण्याची, सोय असते, तिचा उपयोगही इथेच आहे. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. वातावरणाच्या दाबाच्या निम्म्यावर ते ८१ अंशांच्या आसपास उकळते आणि दहाव्या हिश्श्यावर ४६ अंशांच्या आसपास. कोमट काच आणि चांगला निर्वात हे दोन्ही एकत्र आले तर उरलेली ओल झपाट्याने निघते.

तापीकाठ | ११ जुलै, सकाळी ८.३०

काल दोनदा ऊब दिली. टाचणीने खळग्यातून मिठाच्या कणांसारखा भुगा निघाला, तो मी काळ्या कागदावर झटकून पाहिला. काचकाम यांनी सांगितलेली रेष आतून स्पष्ट दिसली. पहिल्या दहा मिनिटांत ती खळग्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी सरकली आणि थांबली. रात्री दोन चिरा पूर्ण चमकत होत्या, तिसरीचे टोक अजून पुसट होते. परंतु आज सकाळी पाहतो तर तिन्ही चिरा पुन्हा अर्ध्या पुसट झालेल्या आहेत. गाडी पत्र्याखाली होती आणि रात्री पाऊस तिच्यावर पडलेला नाही. हे कसे झाले?

काचकाम | ११ जुलै, सकाळी ९.२०

रात्री गाडी बाहेर काढली होती का, आणि काढली असेल तर एसी चालू होता का?

तापीकाठ | ११ जुलै, सकाळी ९.२५

होय. वडिलांना भुसावळ स्टेशनवर सोडायला गेलो होतो. एसी चालू होता आणि धुके जावे म्हणून हवा काचेवरच सोडली होती.

पदार्थविज्ञान | ११ जुलै, सकाळी ९.५०

मग कारण सापडले. बाहेरची हवा दमट असताना आतून काच गार केली, की काचेचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्याच्या) खाली जाते आणि बाहेरच्या बाजूला दव धरते. माठ बाहेरून ओला दिसतो त्याला पाझरही कारण असतो, पण स्टीलच्या गार तांब्यावर जे थेंब उभे राहतात तोच हा प्रकार. ते दव खळग्यात जमले आणि केशाकर्षणाने चिरांत ओढले गेले.

यावर उपाय गाडीतच आहे. एसी चालू ठेवूनच तापमानाचा खटका गरमकडे न्यावा आणि हवा काचेवर सोडावी. एसीमुळे हवेतले बाष्प कमी होते आणि हीटरमुळे तीच कोरडी हवा ऊबदार होऊन काचेवर येते. आतल्यांना उकडेल, परंतु काच आतून एकसारखी तापेल. हेअर ड्रायरपेक्षा ही ऊब अधिक समान असते.

केळीची_गाडी | ११ जुलै, दुपारी १२.०५

हे सरांचे म्हणणे मी रोज पाहतो. पावसाळ्यात रात्री एसी लावला की काच बाहेरून धुरकटते आणि वायपर मारावा लागतो. त्या पाण्याने टवका भिजतो, हे मात्र माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

सातपुडा_पायथा | ११ जुलै, दुपारी १.४०

टेपबद्दल कोणी लिहिलेले नाही. टवका पडल्याबरोबर त्यावर पारदर्शक टेप लावावी असे सगळे सांगतात. परंतु आधीच भिजलेल्या टवक्यावर टेप लावली तर पाणी आत कोंडणार नाही का?

काचकाम | ११ जुलै, दुपारी ३.३०

ताई, अगदी योग्य प्रश्न विचारलात. टवका कोरडा असतानाच टेप लावली तर ती उत्तम. त्यासाठी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटे द्यावीत, पाऊस येण्याची वाट पाहू नये. टेपचा चिकट भाग थेट खळग्यावर येऊ देऊ नका, कारण उन्हाने तो डिंक वितळून आत उतरतो आणि रेझिनला अडवतो. टेपच्या मध्यभागी नखाएवढा दुसरा तुकडा उलटा चिकटवा, म्हणजे खळग्यावर गुळगुळीत बाजू येईल.

टवका भिजलेला असेल तर टेप फक्त पाऊस पडत असताना किंवा रात्री दव पडण्याच्या वेळी लावायची, आणि वाळवताना काढून ठेवायची. चारही बाजूंनी घट्ट दाबू नका, खालची कड सुटी सोडा.

शहादा_रंगकाम | ११ जुलै, सायंकाळी ७.१०

रात्रीसाठी एक सुचवतो. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आधी कढईत मंद आचेवर कोरड्या करण्याचा प्रयत्न बरेच जण करतात आणि पुडीचा कागद जाळतात. नव्या, बंद पाकिटातल्या पुड्या घ्याव्यात. त्या लहान वाटीत ठेवून वाटी टवक्यावर उपडी धरावी आणि कडेने रंगकामाची कागदी टेप लावावी. निदान रात्रीची दमट हवा तिथे पोचत नाही.

पदार्थविज्ञान | ११ जुलै, रात्री ९.००

यामुळे आतले पाणी फारसे निघणार नाही, पण दिवसा कमावलेले रात्री गमावले जाणार नाही. तापीकाठ यांची अडचण नेमकी तीच होती, त्यामुळे सूचना उपयोगी आहे.

तापीकाठ | १५ जुलै, रात्री ८.४५

चार दिवस गाडी अगदी गरजेपुरतीच बाहेर काढली. सकाळी अर्धा तास एसी आणि हीटर एकत्र, दुपारी ऊन निघाले की त्यात, सायंकाळी दहा मिनिटे हेअर ड्रायर आणि रात्री सिलिका जेलची वाटी, असा क्रम ठेवला. दोन चिरा दुसऱ्या दिवशीच कोरड्या झाल्या. तिसरीचे टोक, मोहरीएवढे, तीन दिवस हटले नाही. सरांनी लिहिल्याप्रमाणे मीही तिथेच कंटाळलो होतो. काल दुपारी ती चीर टोकापर्यंत चमकली आणि आज सकाळीही तशीच राहिली, तेव्हा मी काचकाम यांना दूरध्वनी करून धुळ्याला गेलो.

तिथे जे पाहिले ते लिहितो. त्यांनी गाडी उन्हातून आत घेतल्यावर वीस मिनिटे काहीच केले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, की काच तापलेली असताना चिरा आवळलेल्या असतात, रेझिन फार पातळ होऊन सांडते आणि उन्हातले अतिनील किरण ते आत पोचण्याआधीच घट्ट करू लागतात. काच थंड झाल्यावर त्यांनी भिंगातून पाहिले, ऊब देणारी दांडी तरीही थोडी फिरवली आणि मग इंजेक्टर बसवला. आधी निर्वात, मग दाब, पुन्हा निर्वात, असे बराच वेळ चालले. निर्वात करताना खळग्यातून बारीक बुडबुडे वर येत होते आणि दाब देताना चिरेची चमक खळग्याकडून टोकाकडे एकेक कणाने विझत गेली. पाण्याची जी रेष मी चार दिवस टोकाकडे सरकवत होतो, तशीच रेष आता रेझिनची होऊन टोकाकडे जाताना दिसली. शेवटी खळग्यात जाड रेझिनचा थेंब, त्यावर पारदर्शक तुकडा, यूव्ही दिवा आणि धारदार पात्याने वरचा भाग काचेच्या पातळीला खरवडणे.

आता तिरपे पाहिले तर खळग्याच्या जागी पाण्याच्या थेंबासारखी खूण दिसते. चिरा मला सापडत नाहीत. घरी येताना एरंडोलच्या आसपास पुन्हा पाऊस लागला आणि मी वायपर निर्धास्तपणे चालवला.

काचकाम | १५ जुलै, रात्री ९.३०

काम मनासारखे झाले, कारण भाऊंनी काच कोरडी आणून दिली. खूण पूर्णपणे जाणार नाही हे मी आधीच सांगितले होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. हे काम चीर थांबवण्यासाठी असते. टवका चालकाच्या थेट नजरेसमोर असता तर भरून उरलेली खूणही रात्री समोरच्या दिव्यांत खुपली असती, आणि मी काच बदलण्याचाच सल्ला दिला असता. पहिल्या कडक उन्हानंतर एकदा दाखवून जा.

नंदुरबारी | १५ जुलै, रात्री ९.५०

उन्हाळ्यात टवका पडला तर हे सगळे करावे लागणार नाही, असे समजावे का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, ओल राहणारच कुठे?

काचकाम | १५ जुलै, रात्री १०.१५

उन्हाळ्यात ओल वायपरच्या पाण्यातून आणि गाडी धुण्यातून येते. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली की पाणीही आत जाते आणि चीरही पळते. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या लांब चिरा बहुतेक अशाच झालेल्या असतात. टवका असलेली गाडी धुवायची असेल तर सकाळी, सावलीत, आणि टवक्यावर टेप लावून धुवा.

केळीची_गाडी | १६ जुलै, पहाटे ६.००

भाऊ, माझ्या ट्रकला जूनच्या सुरुवातीला पडलेला एक टवका तसाच आहे. त्यात धूळही गेली आहे आणि पाऊसही. मंगळवारी धुळ्यावरून जाणार आहे. वाळवून आणू का?

काचकाम | १६ जुलै, सकाळी ९.१०

दादा, पाणी वाळते, पण धूळ चिरेतच राहते आणि वाळल्यावर ती अधिक घट्ट बसते. ऊब देऊ नका, साबण लावू नका, काहीही करू नका. तसाच घेऊन या. भिंगाखाली पाहून, पापुद्र्यापर्यंत धुरकटपणा गेला नसेल तरच हात लावेन, नाहीतर तसे स्पष्ट सांगेन. आणि लायटर खिशातच ठेवा.